पुलाचा आकडा आणि आपला उंबरा



आषाढ-श्रावणात आमच्या कृष्णाकाठी माणसे एकमेकांना भेटली की रामराम नंतर होतो. आधी विचारले जाते, "आयर्विनला किती?" समोरचा म्हणतो, "एकतीस," किंवा "कालपासनं दोन फूट चढलंय." कशाला किती, कुठे किती, हे कुणी विचारत नाही. चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत, एस.टी.त, सोसायटीच्या पायरीवर तोच आकडा फिरत असतो.

हा आकडा म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेली कृष्णेची पाणीपातळी. आजच्या लेखात त्या पुलाविषयी आणि त्या आकड्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

प्रथम पुलाविषयी. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, १९२९ साली, हा पूल वाहतुकीला खुला झाला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला दिले गेले. संस्थान गेले, व्हाइसरॉय गेले, नाव मात्र लोकांच्या तोंडी बसले. पुलाच्या एका अंगाला सांगली शहर, दुसऱ्या अंगाला सांगलीवाडी, आणि तिथून पुढे पेठ नाक्याकडे जाणारा रस्ता. या पुलावरून आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या. कुणी हळद घेऊन पेठेत गेला, कुणी गुळाच्या ढेपा घेऊन. कुणी मुलाला कॉलेजात घालायला गेला, कुणी बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला. आज नदीवर दुसरेही पूल आहेत, पण नुसता 'पूल' म्हटले की सांगलीकराला हाच आठवतो.

उन्हाळ्यात या पुलाच्या वरून काय जाते याकडे लक्ष असते. पावसाळ्यात मात्र साऱ्या जिल्ह्याचे लक्ष त्याच्या खालून काय जाते याकडे लागते. इथल्या मापावर चाळीस फूट ही इशारा पातळी आहे आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. २००५ च्या महापुरात पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले. २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पंचावन्न फुटांच्या आसपास पोचले. सोळा वर्षांत तीन महापूर. ज्यांनी तिन्ही पाहिले, त्यांना हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. त्यांच्या भिंतींवर ते ओलीने उमटलेले आहेत.

आता हा 'फूट' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पुष्कळांची समजूत असते की चाळीस फूट म्हणजे नदी चाळीस फूट खोल. तसे नव्हे. एका ठरावीक जागी, एका ठरावीक शून्यापासून मोजलेली ती उंची आहे. ते माप पुलाजवळचे आहे. आपल्या रानातले नाही, आपल्या ओढ्यावरचे नाही, आणि आपल्या गोठ्यातले तर मुळीच नाही. ही साधी गोष्ट मला, कृषीचा पदवीधर असून आणि इतकी वर्षे गावोगाव हिंडून, उशिरा कळली.

पाणी येते कुठून तेही पाहू. कृष्णा महाबळेश्वराहून येते. कराडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते. कोयनेचे धरण १०५ टी.एम.सी.चे, म्हणजे दहा हजार पाचशे कोटी घनफुटांचे. धरण भरत आले आणि वर पाऊस थांबेना, की दरवाजे उचलावे लागतात. आणखी खाली ब्रह्मनाळला येरळा मिळते. मग सांगली. सांगलीच्या जरा खाली हरिपूरला संगमेश्वराजवळ वारणा येऊन मिळते, आणि तिच्याबरोबर चांदोली धरणाचेही पाणी येते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा.

या खालच्या नद्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध मोठा आहे. गावच्या अरुंद बोळातून जत्रेची गर्दी बाहेर पडत असावी आणि बोळाच्या तोंडाशी दुसऱ्या वाटेने आणखी माणसे येऊन उभी राहावीत, तशी गत होते. हरिपूरला वारणा फुगलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरत नाही, मागे तटते. आपण त्याला 'फुगवटा' म्हणतो. सांगलीत पाऊस नसतो, ऊनसुद्धा पडलेले असते, आणि पुलाचा आकडा चढतच असतो, त्याचे एक कारण हे. ओढ्या-नाल्यांचेही तसेच. नदी भरली की ओढ्याचे पाणी नदीत शिरत नाही, उलट नदीच ओढ्यात शिरते. पूर आपल्याकडे पुष्कळदा नदीच्या अंगाने येत नाही, पाठीमागून ओढ्याच्या वाटेने येतो.

आणखी एक शब्द बातम्यांत सारखा येतो, तो 'क्युसेक'. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले की एक क्युसेक. म्हणजे दर सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर, घरातल्या दोन मोठ्या घागरी भरतील इतके. धरणातून एक लाख क्युसेक पाणी दिवसभर सुटले, तर चोवीस तासांत साडेआठ टी.एम.सी.हून जास्त पाणी नदीत येते. हे पाणी तासाभरात सांगलीला पोचत नाही. कोयनेहून कराड, कराडहून सांगली, असा त्याला प्रवास आहे. तो जो वेळ मिळतो, तोच आपला. तेवढ्या वेळात काय करायचे, हे आधी ठरलेले हवे.

आता माझी चूक.

२००५ च्या पुरानंतर काही वर्षांनी नदीकाठच्या एका गावात माझे जाणे-येणे होते. तिथे एक मळ्यातले घर आहे. नवरा-बायको, म्हातारी आई, दोन मुले. तीन एकर ऊस, थोडी हळद, दोन म्हशी, एक गाय, दारात चार कोंबड्या. बियाणे, खत आणि वर्षाचे धान्य ठेवायला त्यांना माळा करायचा होता. किती उंचीवर करू, असे त्यांनी मला विचारले. घराच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ स्पष्ट होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "याच्यावर दोन फूट घ्या. एवढा पूर काही पुन्हा पुन्हा येत नाही." खात्याचा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी तसेच केले.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागले. पुलाचा आकडा मी रोज त्यांना फोनवरून कळवीत होतो. चाळीस झाला, पंचेचाळीस झाला. ते म्हणाले, धान्य माळ्यावर टाकले आहे, जनावरे अजून गोठ्यात आहेत, पाणी उंबऱ्यापासून लांब आहे, उद्या पाहून निघू. उद्या निघायला वाट राहिली नव्हती. घर कोरडे होते, पण गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ओढ्याची फरशी केव्हाच पाण्याखाली गेली होती. दुसऱ्या दिवशी पाणी घरात आले. माणसे होडीतून बाहेर निघाली. जनावरांची दावी कापून दिली. गाय पोहत जाऊन दुसऱ्या मळ्याच्या उंचवट्यावर लागली. म्हशींपैकी एक सापडली, एक सापडली नाही. पाणी २००५ च्या रेघेवर तीन फूट चढले. म्हणजे मी सांगितलेल्या माळ्यावर एक फूट पाणी होते. जोंधळा, गहू, सोयाबीनचे बियाणे, सारे कुजले.

त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून कितीतरी माणसे गेली. त्या मानाने या घरचे नुकसान थोडे म्हणायचे. पण पाणी उतरल्यावर मी त्या घरी गेलो, तेव्हा माझ्याच्याने मान वर होईना. घरच्या वहिनी फावड्याने गाळ ओढत होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही. पाणी दिले, बसायला उलटी बादली दिली. मग म्हणाल्या, "साहेब, पुलाचा आकडा तुम्ही रोज सांगितलासा. पर आमच्या उंबऱ्याचा आकडा कुणी सांगायचा?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते त्यांनीच शोधले, म्हणून हा लेख.

माझ्या चुकीत दोन चुका होत्या. पहिली अशी, की मागचा मोठा पूर हाच शेवटचा मोठा पूर असे मी धरून चाललो. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर होते. तिथल्या मातीच्या गुणामुळे जमिनीत खोल पेवे काढून त्यांत हळद वर्षानुवर्षे कोरडी राहात असे. व्यापारी आणि शेतकरी दोघांचाही त्यांवर भरवसा. २००५ च्या पुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि पुष्कळशी पेवे कायमची गेली. जुना अनुभव मोलाचा खरा, पण नदीने त्याच्यावर सही केलेली नसते.

दुसरी चूक अधिक मोठी. मी घरात पाणी केव्हा येईल एवढाच विचार केला. वाट केव्हा बंद होईल हा विचार केला नाही. माणूस बुडत्या घरामुळे अडकत नाही, बंद झालेल्या वाटेमुळे अडकतो.

पुढच्या पावसाळ्यात त्या वहिनींनी एक काम केले. मुलाच्या शाळेची एक जुनी वही घेतली. नदी जेव्हा जेव्हा चढली, तेव्हा रोज सकाळी पुलाचा आकडा एका रकान्यात लिहिला, आणि समोरच्या रकान्यात त्या वेळी आपल्या शिवारात पाणी कुठवर आहे ते. "मोटारीच्या पायाशी." "बाभळीच्या बुडाशी." "फरशीवर घोट्याएवढे." २०१९ चे आकडे त्यांनी रद्दीतल्या वर्तमानपत्रांतून काढले, आणि त्या त्या तारखेला आपल्याकडे काय झाले होते ते सासूबाईंना आणि शेजाऱ्यांना विचारून समोर लिहिले. म्हातारीची आठवण पक्की होती. अमक्या दिवशी चूल भिजली, तमक्या दिवशी तुळस बुडाली, हे ती तारखेनिशी सांगे.

वहीतून जे निघाले ते असे. पुलाला तीस झाले की त्यांच्या नदीवरच्या मोटारीला पाणी लागते. छत्तीसला ओढ्याची फरशी बंद होते. त्रेचाळीसला गोठ्यामागे पाणी. अठ्ठेचाळीसला उंबरा.

हे आकडे त्यांच्या घराचे आहेत. तुम्ही ते घेऊ नका. परंतु त्यांतला बोध घ्या. सरकारी इशारा चाळीसला मिळतो. त्या घराची वाट छत्तीसलाच बंद होते. म्हणजे इशाऱ्याची वाट पाहणाऱ्याला इशारा मिळेपर्यंत निघायला रस्ता उरत नाही. यात इशारा देणाऱ्याचा दोष नाही. तो साऱ्या काठासाठी एकच आकडा देतो. त्या आकड्यावरून आपल्या घराचा आकडा काढणे हे आपले काम.

तेव्हा बंधू-भगिनींनो, काठावरच्या प्रत्येक घराने अशी वही करावी. रीत सोपी आहे. एक, शिवारातल्या हलणार नाहीत अशा चार-पाच खुणा ठरवा. विजेचा खांब, विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, फरशी. दोन, लहान पुरातसुद्धा रोज एकाच वेळी पुलाचा आकडा आणि आपली खूण शेजारी शेजारी लिहा. तीन, मागच्या पुरांच्या तारखा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. ती माणसे आहेत तोवर हे काम करा. चार, हिशेब भोळेपणाने करू नका. पुलाला एक फूट चढले म्हणजे आपल्याकडेही एकच फूट चढेल असे नाही. पाणी पात्रात असते तोवर झपाझप चढते, रानात पसरले की सावकाश चढते. वारणा फुगलेली असली की हिशेब आणखी बदलतो. म्हणून दोन-तीन पुरांच्या नोंदी होईपर्यंत आकड्यात तीन-चार फुटांची सूट ठेवा, आणि ती सूट नेहमी लवकर निघण्याच्या बाजूने ठेवा. सांगलीच्या वरची पुष्कळ खाली असलेली गावे असतील, त्यांनी आयर्विनऐवजी आपल्या जवळच्या पुलाचा आकडा धरावा. पद्धत तीच.

वही झाली की प्रत्येक आकड्यासमोर काम लिहावे. मोटारीचा आकडा आला की मोटार आणि स्टार्टर काढून वर आणावेत, पण आधी वीज बंद झाल्याची खात्री करून. ओल्या पेटीला हात लावू नये. मोटार पुन्हा घेता येते. वाटेच्या आकड्याच्या आधी, दोन फूट पाणी खाली असतानाच, जनावरे आणि म्हातारी माणसे उंचावरच्या पाहुण्यांकडे न्यावीत. जनावर दिवसा आणि कोरड्या वाटेने न्यावे. रात्री, पाण्यातून, ते पाय टाकीत नाही. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाळ्याआधीच टोचून घ्याव्यात, कारण छावणीत साऱ्या गावची जनावरे एकत्र येतात. सातबारा, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड, औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात द्यावी. पुरुष शेवटपर्यंत 'अजून पाहू' म्हणत राहतो, हा माझा अनुभव आहे, आणि त्यात मीही आलो.

पिकाचे विचाराल तर उभा ऊस डोक्यावर घेऊन निघता येत नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बहुधा तरतो. पोंग्यात गाळ बसला तर शेंडा कुजतो आणि कांडीवरचे डोळे फुटू लागतात. पाणी ओसरताच चर काढून रान मोकळे करावे आणि पंचनाम्यासाठी अर्ज द्यावा. यापलीकडे पुराच्या दिवसांत पिकासाठी जिवाशी खेळू नये.

२०२१ च्या जुलैत परीक्षा झाली. पाऊस असा कोसळला की नदी भराभर चढली. त्या घरी मी फोन केला, तर उचलला गेला तो पाहुण्यांच्या गावात. पुलाला चौतीस झाले तेव्हाच ती मंडळी निघाली होती. दोन्ही जनावरे, म्हातारी, मुले, धान्याची पोती, सारे ट्रॅक्टरमधून फरशीवरून कोरडे गेले. शेजारचे काहीजण हसले म्हणे, "एवढ्यात कुठं निघालासा?" त्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मागोमाग निघाले. पाणी त्या घरात याही वेळी शिरले. ऊस गेला, हळद कुजली, कर्ज आहे तसे राहिले. पूर कुणाच्या वहीने थांबत नाही. पण त्या घरच्या गोठ्यात दिवाळीला दूध निघत होते.

अलमट्टीच्या पाण्याने आपल्याकडे फुगवटा येतो की नाही, धरणे आधी रिकामी करावीत की नाही, काठावर बांधकामे किती वाढली, हे वाद चालू आहेत आणि चालले पाहिजेत. त्यांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत आपला गोठा तिथेच आहे.

पुरात आयर्विन पुलावर पाणी पाहायला गर्दी लोटते. बायका नदीला हळद-कुंकू वाहतात, पट्टीची पोहणारी पोरे कठड्यावरून उड्या टाकतात, बाकीचे मोजायच्या खुणेकडे बोट दाखवून आकडा सांगतात. परवा कामानिमित्त मी त्या पुलावरून चाललो होतो. नदी पात्रातच होती, गढूळ, पण शांत. त्या वहिनी माझ्यापुढेच, बाजाराची पिशवी घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. मी विचारले, "काय पाहता?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, "आज एकोणीस आहे. घरी जाऊन लिहायचं."

आपणही लिहावे, एवढीच विनंती.